अबोल्यातली कोरफड

त्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यांशी बोलणारा मी एकटाच होतो. घरात माणसं तीनच: आई, बायको आणि मी. आई माझ्याशी बोलायची, बायको माझ्याशी बोलायची, पण त्या दोघींचा एकमेकींशी अबोला. 'तिला सांग, कुकरची शिट्टी झाली' असं आई मला सांगायची तेव्हा कुकर, बायको आणि आई हे तिघंही स्वयंपाकघरात असायचे आणि मी बाहेर दाढी करत असायचो. फेसाळलेल्या तोंडाने मी ओरडायचो, 'अगं, शिट्टी झाली.' आतून उत्तर यायचं, 'त्यांना सांगा, ऐकली मी.' मग मी ते उत्तर पुन्हा आत पोचवायचो. कंपनीत मी लॅबमध्ये सॅम्पलं तपासायचो आणि घरी पोस्टमनची नोकरी करायचो. यातली दुसरी नोकरी जास्त अवघड होती.

अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, स्वयंपाकघर आणि हातभर रुंदीची गॅलरी होती. त्याच वर्षी शिमग्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली. चिखलोलीत आमचं भाताचं शेत होतं. वडील गेल्यावर त्याचे तुकडे पडत गेले आणि शेवटचा तुकडा प्लॉटवाल्यांकडे गेला. त्या दिवशी आई एकटीच बांधावर जाऊन आली. येताना तिने पदरात एक कोरफड गुंडाळून आणली. बांधावर कोरफडीचं हे भलंमोठं रान होतं. त्याला कधी कोणी पाणी घातलं नव्हतं, कधी कोणी विचारलंही नव्हतं. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून ती आपली वाढत होती. शेतातून दुसरं काही आणावं असं आईला का वाटलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. आणण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणा.

गॅलरीत ऑइल पेंटचा एक रिकामा डबा पडला होता. आईने खिळ्याने त्याच्या बुडाला भोक पाडलं, बिल्डिंगमागची माती भरली, कोरफड लावली आणि डबा गॅलरीच्या कठड्यालगत ठेवला. मग रोज पहाटे नळ आला की तिचं एक काम ठरलेलं असायचं. आदल्या दिवसाचं हंड्यातलं पाणी शिळं झालं, ते ओतून ताजं भरायचं. आता चांगलं पाणी मोरीत कसं ओतायचं? गावात ते मिरचीला, दुधीला, कढीपत्त्याला जायचं. इथे ते सगळं त्या एकट्या कोरफडीच्या वाट्याला आलं.

वैशाखात भानगड झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक सिंधी कुटुंब होतं. तिथल्या आंटींनी गॅलरीत पापड वाळत घातले होते, आणि आमच्या डब्याच्या भोकातून गळणारं मातकट पाणी नेमकं त्या पापडांवर पडलं. आंटी भांडखोर नव्हत्या. दोन ओले पापड हातात धरून वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, 'देखो भाभी, पूरे पापड गीले हो गए.' माझी बायको उल्हासनगरात सिंधी शेजारात वाढलेली, अशा बोलण्याला कसं उत्तर द्यायचं हे तिला पक्कं माहीत. ती लगेच म्हणाली, 'सॉरी आंटी, बुरा मत मानो. हमारी सासूबाई गाव से आयी है ना, उनको समझता नहीं.'

आंटी हसल्या, विषय मिटला. पण आई आत पीठ मळत बसली होती. तिला हिंदी बोलता येत नसलं तरी कळत सगळं होतं. तिने परातीतलं पीठ तसंच सोडलं, हात धुतले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली. बायको आत आली, म्हणाली, 'आई, पीठ राहिलं का?' उत्तर नाही. त्या दिवशी अबोला सुरू झाला. बायकोनेही आधी एकदोनदा बोलून पाहिलं, मग तिचाही पारा चढला. 'मी काय शिवी दिली का? भांडण मिटावं म्हणून बोलले.' हे ती मला सांगायची आणि मी ते आईला पोचवायचो नाही. निरोप्यालाही थोडी अक्कल वापरावी लागते.

मी मात्र माझ्या परीने तंटा मिटवला होता. संध्याकाळी खिडकीच्या काचेला लावून उरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घेतली, डबा तिरपा केला आणि बुडाचं भोक झकास बुजवून टाकलं. पाणी गळणार नाही, पापड भिजणार नाहीत, प्रश्न संपला. कोणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आषाढात कोरफड पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग त्यांच्यावरची. बांधावर तलवारीसारखी उभी असायची ती पानं आता डब्याच्या काठावर मान टाकून पडली होती. बोटाने दाबलं तर आत पाणी भरल्यासारखी लिबलिबीत लागायची. आईने ते पाहिलं आणि एका संध्याकाळी, कारखान्यांकडून तो नेहमीचा उग्र वास आला तेव्हा, नाकाला पदर लावून म्हणाली, 'बाला, झाड बग कसा पिवला परला. त्याला हितली हवा मानवत नाय. मना पन नाय मानवत. गनपती झालं की मी थोरल्याकडं जाते.'

थोरला म्हणजे माझा भाऊ. तो उल्हासनगरात जीन्स शिवून घ्यायचा. दोन खोल्या, त्यात मशीनं, कापडाचे गठ्ठे, तयार मालाची पोती आणि उरलेल्या जागेत त्याचं कुटुंब. तिथे आईला अंग टाकायचं तर गठ्ठ्यांवरच टाकावं लागलं असतं. दिवसभर मशीनचा खडखडाट. हे तिलाही ठाऊक होतं. भावाला निरोप गेला, तोही म्हणाला, 'गणपती झाले की येतो न्यायला.' वाईट मन नव्हतं त्याचं, पण त्याच्या आवाजात मला ऐकू आलं ते एवढंच: तुला एक आई सांभाळता आली नाही. मला ते फार लागलं. आई गेली असती तर ती हवेमुळे गेली असं तिने सगळ्या भावकीत सांगितलं असतं, आणि खरं कारण काय ते आम्ही तिघं जन्मभर मनात घेऊन बसलो असतो.

मी ठरवलं, झाड हिरवं करायचं. हवा मानवते हे एकदा त्या झाडाने दाखवलं की आईला जायला कारण उरणार नव्हतं. बायकोला झालेलं दुःख, आईचा अपमान, यातलं काही माझ्या हातात नव्हतं. झाड हातात होतं.

लॅबमधला माणूस मी, मला हवेचाच संशय आला. कंपनीतून लिटमसचे कागद आणले. पानावरचं पाणी टिपून पाहिलं, गॅलरीतला धुरळा पाण्यात कालवून पाहिला. कागदाने काही म्हणून दाद दिली नाही. मग वाटलं पोषण कमी पडत असेल, म्हणून चिमूटभर युरिया पेलाभर पाण्यात विरघळवून घातला. संध्याकाळी कंपनीतून आलो की तेवढं एक काम मी गुपचूप करायचो. गुपचूप अशासाठी, की आईच्या झाडाला हात लावला हे बायकोला कळलं असतं तर ती म्हणाली असती, 'झाडाची बरी काळजी आहे.'

रविवारी डबा उन्हात सरकवावा म्हणून उचलायला गेलो तर तो जागचा हलेना. कोरफडीचं एवढंसं झाड आणि डबा मात्र सिमेंट भरल्यासारखा जड. जोर लावून तिरपा केला तर काठावरून काळं पाणी ओघळलं आणि असा वास सुटला की मोरी बरी. मी तसाच डबा धरून उभा राहिलो. ते भोक मला तेव्हा आठवलं.

पण नुसतं भोक बुजलं म्हणून एवढं पाणी? मी चौकशीला लागलो. आधी आईला विचारलं. ती म्हणाली, 'शिला पानी टाकते ना रोज. पिवला परला तवा वाईच जास्त टाकला. भात पिवला परला की पानीच लागतो.' आणि सुकट धुतलेलं पाणीही ती त्यालाच घालत होती, जोर यावा म्हणून. गावात दुधीच्या वेलाला ते घातलं की वेल मांडवावर जायचा. तिचं शेतीचं गणित पक्कं होतं. फक्त ते भाताचं होतं, आणि डब्याला भोक आहे असं धरून मांडलेलं होतं.

मग बायकोला विचारलं. तिने आधी हातातलं पातेलं विसळलं. मग म्हणाली, 'घालते मी. तांदळाचं धुवण.'

'तू कशाला?'

'डबा गळायचा बंद झाला ना. मला वाटलं त्या रागावल्या, म्हणून झाडाला पाणी घालायच्या बंद झाल्या. झाड सुकायला लागलं. त्या झोपल्या की दुपारी घालत होते.' आणि पुढे म्हणाली, 'मेलं असतं तर माझ्यामुळेच मेलं असं झालं असतं ना.'

म्हणजे पहाटे आईचं पाणी, दुपारी बायकोचं, संध्याकाळी माझं. तिघंही त्याला जगवायला टपलेलो, तिघंही एकमेकांना न सांगता, आणि खाली वाट बंद. त्या घरात एक वाक्य जरी इकडून तिकडे सरळ गेलं असतं, 'मी पाणी घातलंय' किंवा 'मी भोक बुजवलंय' एवढंच, तरी ते झाड पिवळं पडलं नसतं. मला हसू आलं.

सगळा प्रकार मी दोघींना सांगितला आणि त्याच दिवशी आम्ही कोरफड उपटली. हे काम एकट्याचं नव्हतं. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, डबा आडवा केला. कोरफडीच्या कडेचे काटे हाताला लागतात, म्हणून झाड आईने धरलं, तिच्या तळव्यांना काटे काय करणार. बायको सुरी घेऊन समोर बसली. हातोडा आणि खिळा घेऊन मी बाजूला. मुळं बघितली तर निम्मी काळी, ओढली की सालीसारखी निसटून हातात येणारी. आतल्या अंगाला थोडी पांढरी, घट्ट अशी शिल्लक होती.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, 'तिला सांग, काला काला काप, पांढरा ठेव.'

मी तोंड उघडेपर्यंत बायकोने पहिलं काळं मूळ कापलं होतं.

बायको म्हणाली, 'त्यांना विचारा, खालची पिवळी पानं काढू का?'

आईने झाड तिरपं करून खालची पानं तिच्यापुढे धरली. तीन माणसं एका वर्तमानपत्राभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि दोघींचे निरोप माझ्यावरून जात होते. प्रत्येक निरोप मी पोचवायच्या आत त्याचं काम झालेलं असायचं. शेवटी मी निरोप सांगायचा सोडून दिला आणि डब्याच्या बुडाला भोकं पाडत बसलो. एकाच्या जागी पुष्कळ पाडली. काही पिवळी पानं तेवढी आईने काढू दिली नाहीत. 'सगलीच काढलीस तर त्याला अंगावर काय राहील,' असं ती म्हणाली. ते ती कोणाला म्हणाली हे मात्र मला कळलं नाही, कारण बघत होती ती कोरफडीकडे.

कापलेल्या जागा सुकायला हव्यात, हे मला कंपनीतल्या बागेत काम करणाऱ्यांकडून ऐकून माहीत होतं. म्हणून झाड सावलीत तसंच उघडं ठेवलं, मातीशिवाय. आईला ते बघवेना. येता जाता थांबायची. 'असा उगरा ठेवलास त्याला,' म्हणायची. मुळं कोरडी झाल्यावर बाजूच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली, विटांचा चुरा घेतला, थोडी माती मिसळली आणि कोरफड परत लावली. आता पाणी नाही. माती खालपर्यंत सुकल्याशिवाय कोणीही, कोणत्याही कारणाने, कोणतंही पाणी घालायचं नाही. हे मी दोघींना एकत्र उभं करून सांगितलं, निरोपाशिवाय.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलो तर डब्याखाली एक स्टीलचं ताट ठेवलेलं दिसलं. आता भोकं होती, तर खाली पाणी ठिबकू नये म्हणून. ताट बायकोच्या माहेरचं होतं, लग्नात आलेलं, कडेला तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. ते ती पाहुण्यांनाही वाढायला काढत नसे. आई वाकून बराच वेळ त्या ताटाकडे बघत होती. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण ताट कुठलं ते तिला माहीत होतं.

पाणी घालणं सोपं असतं हो. न घालणं किती अवघड, ते आम्हाला त्या दिवसांत कळलं. पहाटे नळ आला की आई शिळ्या पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत येऊन लादी पुसायच्या बादलीत ओतायची. बायको तांदळाचं धुवण हातात घेऊन तशीच घुटमळायची. एकदा दोघी एकाच वेळी दाराशी आल्या. बायकोच्या हातात पातेलं, आईच्या हातात तांब्या. दोघींनी एकमेकींच्या हाताकडे बघितलं आणि दोघी मागे फिरल्या. मी कॉटवर पेपर वाचत होतो. पेपरमागे मला हसू आवरत नव्हतं. पण बोलल्या नाहीतच.

पानं मात्र पिवळी ती पिवळीच राहिली. मी रोज बघायचो. गळत नव्हती, वाढत नव्हती, पण हिरवीही होत नव्हती. गणपती आले, गेले. अबोला तसाच. आईने तिची पत्र्याची पेटी कॉटखालून ओढली, लुगडी घडी करून आत ठेवली, वरून सुकटीची पुडी. मी म्हटलं, 'आई, झाड मेलं नाही ना?' ती म्हणाली, 'मेला नाय. पन पिवला पान हिरवा होत नाय, बाला.' ती झाडाबद्दलच बोलत होती, असं मी धरून चाललो.

भाऊ सकाळीच आला. रिक्षा खाली उभी करून वर आला. चहा नको म्हणाला, कारखान्यात माल अडकला होता. मी आईची पेटी उचलली. आई गॅलरीत गेली आणि डबा उचलायला वाकली.

'झाड नेऊ नका.'

बायको दारात उभी होती. हे ती मला म्हणाली नव्हती. मी पेटी धरून तसाच थांबलो. आईचे हात डब्यावर होते.

'माझा झाड हाय,' आई म्हणाली. तीसुद्धा मला म्हणाली नव्हती. वैशाखानंतर पहिल्यांदा आमच्या घरात एक वाक्य मला वगळून गेलं होतं.

'तुमचंच आहे. पण तिकडे सगळे जण पाणी घालतील. कोणी सांगणार नाही कोणाला.' बायको गॅलरीत गेली, आईच्या शेजारी खाली बसली. 'ही खालची काय बघता? ही नाही होणार हिरवी. मधलं बघा.'

आई बघेना. मग बायकोने दोन मोठी पानं हातांनी बाजूला केली. काटे लागले असणार. आत, पार मध्यभागी, करंगळीएवढं एक पान होतं. हिरवंगार. उभं. मी रोज बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पिवळंच मोजत होतो.

आईने बोटाने ते पान चाचपून बघितलं.

'मी त्या दिवशी म्हटलं, तुम्हाला कळत नाही,' बायको म्हणाली. तिचा आवाज फुटला. 'मला तरी कुठे कळत होतं, आई? इथे कोणालाच कळत नव्हतं.' तिने पदराने नाक पुसलं. 'पाणी घालायला मी आहे, हे आहेत. घालून घालून मारू त्याला. तुम्ही राहा. पाणी न घालायला कोणीतरी पाहिजे.'

खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. भाऊ म्हणाला, 'आई, चल, उशीर होतोय.'

आई गॅलरीतच बसून राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. जरा वेळाने सवयीने माझ्याकडे वळून म्हणाली, 'तिला सांग, चहा...' आणि थांबली. मग बायकोकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत.

'टाक गो चहा. थोरल्यालाबी दे.'

बायको उठून आत गेली. आई ताटाच्या कडेवर साचलेला वाळूचा कण बोटाने टिपत बसली. भाऊ रिक्षावाल्याला थांब म्हणून सांगायला खाली उतरला. माझ्या हातात पेटी होती. ती कुठे ठेवायची हे मला कोणीच सांगितलं नाही. मी ती परत कॉटखाली सरकवली, पार भिंतीपर्यंत.